चौथे वर्ष

आमच्या घरात बटणांचा एक पत्र्याचा डबा होता. बाबांच्या शिवणाच्या दुकानातून तो घरी आला, तेव्हा दुकान कायमचे बंद झाले होते. धाकटा भाऊ दिवसभर त्या बटणांशी खेळे; पांढरी, काळी, तपकिरी अशी सगळी बटणे जमिनीवर एकत्र पसरून ठेवी. संध्याकाळी आई ती गोळा करून डब्यात टाकी. सकाळी डबा उघडावा, तर प्रत्येक रंगाच्या बटणांची वेगळी पुडी बांधलेली असे. दिवसभराच्या कामानंतर आईला एवढा वेळ केव्हा मिळतो, असा प्रश्न मला त्या वयात कधी पडला नाही.

आमचे गाव आनेकल. बंगळूरपासून पस्तीस-छत्तीस किलोमीटर अंतरावरचे हे तालुक्याचे ठिकाण. कन्नडमध्ये 'आनेकल्लू' म्हणजे पावसात पडणारी गार. त्यावरूनच गावाला नाव पडले, असे सांगतात. या भागात मराठी नवी नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे तो मुलूख शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला. तेव्हापासून इकडे मराठी कुटुंबे राहत आली आहेत. आमचे घराणे मात्र एवढे जुने नाही. आजोबा सुई-कात्री घेऊन पोटासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. आम्ही घरात मराठी बोलत होतो, बाजारात कन्नड बोलत होतो आणि शाळेतही कन्नडच शिकत होतो. मराठी वाचता-लिहिता आली ती पुष्कळ उशिरा, मुक्त विद्यालयाच्या पुस्तकामुळे.

तयार कपड्यांचे दिवस आले आणि बाबांचे गिऱ्हाईक तुटत गेले. १९९९ मध्ये दुकान बंद झाले. त्यानंतर बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. कोणी विचारले, तर 'डोके जड झाले आहे,' एवढेच सांगत. नातलग म्हणाले, 'बाहेरचे काहीतरी असेल.' शेजारी म्हणाले, 'आळस अंगात भरला आहे.' अंगारे झाले, नवस झाले. मी तेव्हा नववीत होते. शाळा सोडून कामाला जाण्याचे माझ्यावर आले, त्या रात्री मी बाबांसमोर उभी राहून म्हणाले, "तुम्ही नुसते पडून राहता, म्हणून मला जावे लागते." बाबा काही बोलले नाहीत. २००८ मध्ये ते गेले. मधल्या नऊ वर्षांत ते वाक्य मी परत घेतले नाही, आणि 'बाबा, तुम्हाला काय होते आहे?' असेही कधी विचारले नाही.

बोम्मसंद्र भागातल्या एका गार्मेंट कारखान्यात मी चौदा वर्षे काम केले. आधी हेल्पर, मग टेलर. लग्न गावातच झाले. पुढे मुलीच्या शाळेचा अर्ज भरताना 'आईचे शिक्षण' हा रकाना आला. मुलीने विचारले, "काय लिहू?" मी म्हटले, "नववी." तिने निमूटपणे लिहिले. तिचा तो निमूटपणा माझ्या मनात राहिला. त्याच वर्षी मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत दहावीसाठी नाव नोंदवले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने माझ्यासारख्या कितीतरी जणांना अर्ध्यावर सुटलेला धागा पुन्हा हाती दिला आहे. एका वेळी झेपतील तेवढेच विषय द्यावेत, उरलेले पुढच्या परीक्षेला द्यावेत, अशी सोय नसती तर मी दहावी झाले नसते.

बारावीला विषय निवडताना यादीत 'मानसशास्त्र' हा शब्द दिसला. मन हे काही शास्त्राचा विषय असू शकते, हेच मला नवे होते. पुस्तकातून कळले की जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. पुढे आणखी वाचले, तेव्हा कळले की आमच्याच राज्यात, म्हैसूर विद्यापीठात, एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९२४ मध्ये या विषयाचा विभाग उभारला होता. मग नैराश्य या आजाराचा धडा आला. झोप न लागणे, कशात रस न वाटणे, हालचाली मंदावणे, स्वतःला निरुपयोगी समजणे. तो धडा मी एकदा वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला. मला वाटले, हे बाबांचेच वर्णन आहे.

आणखी एक गोष्ट पुढे समजली, ती अधिक जिव्हारी लागली. बंगळूरची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था. तिने १९७० च्या दशकातच सकलवारा येथे ग्रामीण मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले होते. सकलवारा आमच्याच आनेकल तालुक्यात आहे. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, तेव्हा बसने जाता येईल एवढ्या अंतरावर विचारायला जागा होती. आम्हाला ती ठाऊक नव्हती.

२०२१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मी बंगळूरमधील एका महाविद्यालयात बी.ए.साठी प्रवेश घेतला. नवीन शैक्षणिक धोरणानुसार कर्नाटकात त्याच वर्षी चार वर्षांचा ऑनर्स अभ्यासक्रम सुरू झाला होता. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडावे, किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घ्यावी, अशी मुभा होती. पहाटे उठून स्वयंपाक, मग आनेकलहून चंदापूर, इलेक्ट्रॉनिक सिटी, सिल्क बोर्डमार्गे महाविद्यालय, आणि संध्याकाळी परतल्यावर बाबांच्या जुन्या मशीनवर ब्लाउज शिवणे, असा माझा दिवस असे. जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेमुळे राज्यातील स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास विनामूल्य झाला. तिकिटाचे वाचलेले पैसे पुस्तकांना उपयोगी पडले.

तिसरे वर्ष संपत आले, तेव्हा मे २०२४ मध्ये राज्य सरकारने चार वर्षांचा अभ्यासक्रम मागे घेतला आणि पदवी पुन्हा तीन वर्षांची केली. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अंतरिम अहवालावरून हा निर्णय झाला. मात्र आधीच प्रवेश घेतलेल्यांना चौथे वर्ष करण्याची मोकळीक होती. माझ्या वर्गातील बहुतेक मुली तीन वर्षांवर थांबल्या. त्यांचे कारण खरे होते: आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एक वर्षाचा खर्च आणि हातची जाणारी मिळकत. घरीही हेच बोलणे झाले. आईने विचारले, "ऑनर्स म्हणजे काय गं?" मी म्हटले, "सन्मान." ती म्हणाली, "सन्मानासाठी वर्ष घालवतात का?" मला उत्तर देता आले नाही. पण मला पदवीपेक्षा त्या वर्षातले एकच काम हवे होते. संशोधनासह ऑनर्स करणाऱ्याला एक स्वतंत्र प्रकल्प करावा लागतो. एक प्रश्न घ्यायचा आणि त्याचे उत्तर स्वतः शोधायचे.

त्यासाठीची अट सोपी नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक ठरवलेले आहेत. संशोधनासह ऑनर्स करायचे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. माझे गुण त्या रेषेच्या जेमतेम वर होते. अर्जाबरोबर सहा सत्रांच्या गुणपत्रिका आणि एका पानाचा संशोधन-आराखडा द्यायचा होता. ते एक पान मी अकरा वेळा लिहिले. विषय ठरवला: गार्मेंट कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांचा मानसिक ताण आणि त्यांना घरातून व मैत्रिणींकडून मिळणारा आधार. ज्यांच्याशी कोणी बोलते, त्यांचा ताण कमी असणार, हे माझे गृहीतक होते.

मुलाखतीला तीन प्राध्यापक होते. 'हाच विषय का?' असे त्यांनी विचारले, आणि मी बाबांची हकीकत सांगितली. सांगताना माझा आवाज कापला. त्यांच्यापैकी एक बाई पुढे माझ्या मार्गदर्शक झाल्या. त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्ही या स्त्रियांचा अभ्यास करणार आहात, की वडिलांचा?" मग म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचे निदान पुस्तक वाचून करू नये. आणि उत्तर आधीच ठरवून गेलात, तर समोरची बाई काय सांगते ते तुम्हाला ऐकू येणार नाही."

मला प्रवेश मिळाला. पण ते बोलणे मला लागले होते. आपले दुःख खोटे ठरवले गेले, असे परतीच्या बसमध्ये वाटत राहिले. त्या बोलण्याचा अर्थ समजायला मला पुढचे सगळे वर्ष लागले.

पहिला धडा शब्दांनी दिला. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली ताण मोजण्याची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात गेल्या एका महिन्यातल्या अनुभवांबद्दल विचारतात आणि प्रत्येक उत्तराला ठरावीक गुण देतात. तिचे कन्नड भाषांतर बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी इंग्रजी मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे, अशी रीत आहे. तीही मी पाळली. आधाराविषयीचे प्रश्न मी स्वतः तयार केले आणि पाच-सहा ओळखीच्या स्त्रियांना विचारून पाहिले. "तुम्हाला आधार आहे का?" असे मी विचारले. पहिलीच म्हणाली, "आहे की अक्का, कार्ड घरी आहे. उद्या आणू?"

आम्ही दोघी खूप हसलो. घरी आल्यावर मात्र मी विचारात पडले. पुस्तकातला शब्द मला इतका स्पष्ट वाटत होता, की तिच्या कानांनी तो ऐकून पाहण्याचे मला सुचले नव्हते. मग मी तो प्रश्न बदलला: 'अडचण आली, तर पहिल्यांदा कोणाकडे जाता?' ताणासाठीचा ग्रंथातला कन्नड शब्द काढून 'टेन्शन' हा सर्वांच्या तोंडचा शब्द घेतला. तरीही कित्येकींचे उत्तर मनाबद्दल नसे, शरीराबद्दल असे. छातीत जळजळते, हातपाय गळून जातात, डोके जड होते. 'डोके जड झाले आहे,' हे बाबांचेच शब्द. ते निव्वळ सबब सांगत आहेत, असे आम्हाला तेव्हा वाटले होते. माणूस आपल्याजवळ असलेल्या शब्दांतच आपले दुखणे सांगतो, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळले.

दुसरा धडा एका स्त्रीने दिला. प्रत्येकीला आधी समजावून सांगावे लागे: हे कशासाठी आहे, तुमचे नाव कोठेही येणार नाही, नको वाटेल तेथे तुम्ही थांबू शकता. हे सांगून तिची संमती घ्यायची, मगच पहिला प्रश्न. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, कधी त्यांच्या दारात तर कधी बसथांब्यावर, मी चाळीस जणींशी बोलले. त्यांतल्या एकीने चौथ्या प्रश्नाला माझ्या कागदावर हात ठेवला. "अक्का, हे लिहू नका," ती म्हणाली. मी पेन खाली ठेवले. ती अर्धा तास बोलली. काय बोलली, ते तेव्हा लिहिले नाही आणि येथेही लिहिणार नाही. उठताना मी तिला १४४१६ हा क्रमांक दिला. 'टेलिमानस' ही सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. तिच्यावर रात्री-अपरात्रीही आपल्या भाषेत बोलता येते. पुढच्या आठवड्यात ती डॉक्टरांकडे जायला तयार झाली, तेव्हा तिच्याबरोबर मी गेले. तिचा कागद मी फाडून टाकला. माझ्या प्रकल्पात चाळीसच्या जागी एकोणचाळीस हा आकडा आला.

तिसरा धडा सर्वांत कठीण होता. मुलीच्या मदतीने सगळी उत्तरे संगणकात भरली, हिशेब केला, आणि माझे गृहीतक टिकले नाही. बोलायला माणूस असणे आणि ताण कमी असणे, यांचा ठाम म्हणता येईल असा संबंध माझ्या आकड्यांत दिसेना. मी ते तीन वेळा तपासले. मग माझ्या लक्षात आले की तीन-चार जणींची उत्तरे इतरांहून फार वेगळी आहेत. ती वगळली, तर हवे ते उत्तर येईल. त्या रात्री मी त्यांच्या ओळी वगळून पाहिल्याही. उत्तर सुबक आले. ज्या बायकांनी सुट्टीची झोप मोडून माझ्याशी बोलणे केले होते, त्यांच्यापैकी काहींचे बोलणे मी एका कळीसरशी पुसून टाकले होते.

सकाळी मार्गदर्शक बाईंना मी सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जे आले ते लिहा. असे का आले असावे, ते मर्यादांच्या प्रकरणात लिहा." मी तसेच लिहिले. स्त्रिया ओळखीतून निवडलेल्या होत्या, संख्या लहान होती, प्रश्न मी तयार केलेले होते. म्हणून या अभ्यासातून कोणताही सर्वसाधारण निष्कर्ष काढता येणार नाही. कारखान्यातील टार्गेट, रात्रीची अपुरी झोप, घरातील कर्ज यांचा भार बोलल्याने कितपत हलका होतो, हे पाहण्यासाठी वेगळा अभ्यास हवा. ते प्रकरण लिहिताना एक गोष्ट मनात स्पष्ट झाली. 'आम्ही बाबांशी बोललो असतो, तर ते बरे झाले असते,' हे माझे सोळा-सतरा वर्षांचे दुःख होते. पण तेही एक गृहीतकच होते. आधी मी त्यांना आळशी ठरवले होते. मग पुस्तक वाचून आजारी ठरवले. दोन्ही वेळा विचारले मात्र काहीच नव्हते.

जून २०२५ मध्ये प्रकल्पाची तोंडी परीक्षा झाली आणि मी उत्तीर्ण झाले. दोनच महिन्यांनी बोम्मसंद्रपर्यंत मेट्रो धावू लागली. मुलगी म्हणाली, "आई, तुझे कॉलेज संपायचीच वाट पाहत होती ती!"

माझ्यासारख्या वाटेने येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. मानसशास्त्राची पदवी, अगदी ऑनर्सही, म्हणजे उपचार करण्याचा परवाना नव्हे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी पुढचे मान्यताप्राप्त शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. दुसरे असे, की विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. तेव्हा या विषयात पदवी घेऊ इच्छिणाऱ्याने प्रत्यक्ष वर्गात बसण्याची तयारी ठेवावी आणि अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम नीट पाहावेत.

निकालाचा कागद घेऊन मी आईकडे गेले. तिने तो देवापाशी ठेवला. मग आम्ही दोघी ओट्यावर बसलो. इतक्या परक्या स्त्रियांना मी प्रश्न विचारून आले होते. आईला मात्र एकही विचारला नव्हता. मी म्हटले, "आई, दुकान बंद झाल्यावरची ती वर्षे तुला कशी गेली?"

आई बराच वेळ गप्प होती. मीही घाई केली नाही. तेवढे मी त्या वर्षात शिकले होते. मग ती म्हणाली, "मला कुणी हे विचारलंच नव्हतं." थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांना झोप यायची नाही गं. तुम्ही निजलात की उठायचे. दिवा बारीक करून ती बटणं घेऊन बसायचे. रंगारंगाची निवडायची, पुड्या बांधायच्या. म्हणायचे, उद्या दुकान उघडलं तर शोधाशोध नको. पहाटे पुन्हा येऊन पडायचे."

मी डब्याविषयी विचारले. आईने तो मशीनच्या खणातून काढून दिला. आत पुड्या होत्या. कागद पिवळा पडला होता, दोरा मात्र अजून घट्ट होता.